अक्कांनी सांगितलेली मालिका

“तडी, हेळ्तीनि,” म्हणजे थांबा, सांगते. टीव्हीवर कुणी तोंड उघडलं की शेजारच्या अक्का सासूच्या मांडीवर हात ठेवून एवढं म्हणायच्या, आणि मराठी मालिका आमच्या बैठकीत कन्नडमधून सुरू व्हायची.

सीमाभागातल्या मैलूरमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. अक्कांचं माहेर उदगीरचं, सासर कन्नड. सासूबाई, म्हणजे अव्वा, निंबर्ग्याच्या; त्यांच्या माहेरी मेंढरं होती. अक्कांच्या यजमानांची पिठाची गिरणी. संध्याकाळी त्यांच्या घरचा टीव्ही बातम्यांना वाहिलेला, म्हणून सासू-सुना आमच्याकडे यायच्या. अव्वांना मराठी येत नाही, हे अक्कांनी लग्न झाल्या झाल्या कधीतरी ठरवून टाकलं होतं. आपण शेजारी अशा गोष्टी तपासून बघत नसतो.

मी अडत दुकानात हिशेब लिहितो. दोन आकडे जुळले नाहीत तर मला घास गोड लागत नाही. पहिली तफावत सापडली तेव्हा मालिकेतली सासू सुनेला घराबाहेर काढत होती. अक्कांनी सांगितलं, चार दिवस माहेरी जाऊन ये म्हणायलीय. अव्वा त्यांच्या सवयीनं म्हणाल्या, “मुंद?” म्हणजे पुढं काय? पुढं एवढंच, की त्या आठवड्यात अक्का उदगीरला जाऊन आल्या.

मी बायकोकडे बघितलं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प बसवलं.

मग अक्कांची मुलगी पीयूसी, म्हणजे बारावी, झाली आणि तिला कलबुर्गीला नर्सिंगची जागा मिळत होती. अव्वांनी एका शब्दात नाही म्हटलं. पोर परगावी एकटी राहणार नाही. घर आणि गिरणी अव्वांच्या नावावर, आणि यजमान आईपुढे मान वर करून बोलणारे नव्हेत. प्रवेशाला थोडेच दिवस उरले होते.

योगायोग असा की त्याच सुमाराला मालिकेतली धाकटी बहीण शहरात शिकायला निघाली. अक्का खूश. पण मालिकावाल्यांना कुणाचं सुख बघवत नाही. पोरगी एका भामट्याच्या नादाला लागली. अक्का स्वयंपाकघरात माझ्या बायकोला म्हणाल्या, “ह्या लिहिणाऱ्याला पोरी न्हाईत का ओ वैनी?”

तिथून त्या तयारीनं येऊ लागल्या. पुढच्या भागाची झलक सकाळीच मोबाइलवर बघायच्या आणि दिवसभर कामं करता करता दुरुस्त्या करायच्या. पोरगी पिशवी घेऊन पळून गेली, ती अक्कांच्या कन्नडात परीक्षेला गेली. दारात पोलीस आले, ते नोकरीसाठी चौकशीला आले. धक्क्यानं बाप गेला आणि भिंतीवर हार घातलेला फोटो लागला. अक्का म्हणाल्या, पोरीचा पहिला नंबर आला म्हणून बापाचा सत्कार झाला.

अव्वांनी फोटो न्याहाळला. “फोटोपुढं दिवा कामून?” हे अर्थात कन्नडमध्ये. मी आपल्या भाषेत देतोय.

“सत्काराच्या वक्ताला लाइट गेल्ती.”

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मी जाहिराती फार लक्ष देऊन बघितल्या.

प्रवेशाच्या आदल्या संध्याकाळी मालिकेतली ती पोरगी, भामट्यानं टाकून दिलेली, घरी परतली. उंबऱ्याशी बसून हुंदके देऊ लागली. त्या दिवशी अक्का धावपळीत झलक बघायची विसरल्या असाव्यात. “तडी,” म्हणाल्या आणि अडल्या. मग कसंबसं म्हणाल्या, “नर्स झाली. पहिला पगार घेऊन आलीया.” आणि त्या स्वतःच रडायला लागल्या.

अव्वांनी पडद्याकडे बघितलं. मग सुनेकडे, बराच वेळ.

“मग आपलीबी जाऊ दे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी गिरणी बंद ठेवून मुलीचा प्रवेश करून आणला. मुलीला हॉस्टेलचं जेवण सोसेना, म्हणून पुढे अक्काही कलबुर्गीला खोली करून राहिल्या. अव्वा आता आमच्याकडे एकट्याच येतात. पहिल्या संध्याकाळी माझ्या बायकोनं दयेपोटी कन्नडमधून गोष्ट सांगायला घेतली. अव्वांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “राहू दे बाई. तुला तिच्यासारखं जमत न्हाई.”

मी विचारलं, “अव्वा, मराठी कुठं शिकलात?”

“उमरग्याकडच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचो. मालकाला जवारी काय कन्नडात मागायचो?”

म्हणजे इतके दिवस आम्ही तिघं एका म्हातारीसाठी नाटक करत होतो, आणि बैठकीतली खरी प्रेक्षक ती एकटीच होती. मी विचारलं, मग सुनेला सांगितलं का नाही?

“ती एवढं मन लावून सांगायली,” अव्वा म्हणाल्या. “आणि तुम्हीबी सांगू नका.”

आम्ही सांगितलेलं नाही. अक्कांना अजून वाटतं की सासूला मालिका कळत नसणार. म्हणून मालिका सुरू झाली की त्यांचा फोन येतो. काल मालिकेतल्या त्या पोरीचं घर लिलावात निघालं होतं आणि ती टाहो फोडत होती. अव्वांनी मला आवाज बंद करायला सांगितला, फोन कानाला लावला आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या. पलीकडून अक्का भरभरून काहीतरी सांगत होत्या. मालिकेचं की मुलीचं, ते मला कळलं नाही.

अव्वा ऐकत राहिल्या. अक्का श्वास घ्यायला थांबल्या, तेव्हा म्हणाल्या, “मुंद?”