लोणच्याची बरणी आणि परमिशन डिनाइड

लग्नाला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून खुटबावच्या आमच्या घराची मालकीण मी आहे, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगतात. "आता समदं हिच्याच हाती हाय." ते खरंही आहे, लोणच्याची बरणी सोडून. बरणीला एकच हात लागायचा, सासूबाईंचा, तोही आंघोळ झाल्यावर, कोरडा करून. दहा हात लागले की लोणचं बुरसतं म्हणतात. आणि लोणचं असं, की भाकरीचा शेवटचा तुकडा मी त्यासाठी राखून ठेवते. त्यामुळे भांडायची सोय नाही.

माझं काम सर्व्हर सांभाळायचं, तेही घरूनच. सासूबाईंचा फोन भरला तेव्हा त्यातले सगळे व्हिडिओ मी एका जुन्या लॅपटॉपवर उतरवले, फोन रिकामा केला आणि म्हणाले, "टीव्हीवर दिसतील असं करून देते." मी बोलून मोकळी झाले. त्यांनी मात्र गल्लीतल्या बायकांना आवतण देऊन टाकलं. मांडवगण फराट्याला भाचीच्या हळदीत त्या नाचल्या होत्या, तो व्हिडिओ बघायला. "नदीपल्याडची, वडगाव रासाईची सून हाय आमची. टीव्हीत समदं लावलंय तिनं," असं घरोघर सांगून आल्या.

त्या दिवशी दुपारी मी टीव्ही लावून बघितला, तर व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम म्हणाला, परमिशन डिनाइड, म्हणजे परवानगी नाही. बायका चहाच्या वेळेला यायच्या होत्या.

हा प्रोग्रॅम इंटरनेटवरून आणलेला, म्हणून मी त्याला कंटेनरमध्ये ठेवला होता. कंटेनर म्हणजे लॅपटॉपच्या पोटातली एक वेगळी खोली. त्या खोलीत तो मालक, खोलीबाहेर त्याला काडीचा अधिकार नाही. उद्या बिघडला तर घरभर हिंडायला नको. व्हिडिओंचं फोल्डर बाहेर होतं, ते मी खोलीत जोडून दिलं होतं. आतून दिसत होतं, पण उघडत नव्हतं.

मी खोलीत शिरून फायलींचा मालक कोण ते पाहिलं. प्रत्येकीपुढे एकच शब्द, नोबडी.

सासूबाई धपाट्यांचं पीठ मळता मळता मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय लिवलंय?"

"ह्याला मालक कुणीच न्हाई, असं म्हणतंय."

"कुणीच न्हाई? मग नाचलं कोण?"

मला हसू आलं, त्यांना नाही. चारचौघींत त्यांची शोभा होणार होती, आणि त्याला कारण मी.

राग आला की माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. मी तोंडानं बडबडत खोलीतूनच हुकूम सोडला, सगळ्यांना सगळं मोकळं कर. मशीननं तोही धुडकावला. बाहेरून तसं करता आलं असतं, पण एक शेरडू आत घ्यायचं म्हणून कुंपणच उपटायचं? याच चुकीसाठी मी ऑफिसात किती जणांना झापलंय. हात आवरला.

"पर तू मालकीण हाईस न्हवं त्यातली?" सासूबाईंनी विचारलं.

"आत हाय, आत्या. भायेर न्हाई. म्हंजी बघा, घर माझ्या हाती हाय, पन बरणीला हात लावायचा न्हाई. तसं."

बोलून गेले आणि जीभ चावली. सासूबाई आत गेल्या. परात जरा जोरातच आपटल्यासारखी वाजली.

पण तोंडानं बोलले आणि डोक्यात उजेड पडला. मशीन मालकाला नावानं नाही, नंबरानं ओळखतं. खोलीतल्या मालकाचा नंबर शून्य. बाहेरच्या मशीनला मात्र तोच मालक एक लाख नंबरचा कुणी परका वाटतो. फायली मी उतरवलेल्या, म्हणून त्या माझ्या नंबरावर, आणि माझा नंबर खोलीत कुणाच्या ओळखीचा नाही. म्हणून नोबडी. हे मला पाठ होतं, म्हणून तर स्वतःवर जास्तच चिडले. बाहेर येऊन तेवढं एक फोल्डर त्या एक लाख नंबराच्या नावावर केलं. एका ओळीचं काम.

टीव्हीवर हलगी कडाडली आणि पिवळ्या साडीतल्या सासूबाई पदर खोचून पुढे आल्या.

खऱ्या सासूबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "समद्यांना मोकळं केलंस व्हय?"

"न्हाई. आतल्या त्या एकट्यालाच दिलं. तेवढ्या एका फोल्डरपुरतं."

"हां," म्हणाल्या, आणि तवा टाकायला गेल्या.

बायका आल्या, खोली भरली. व्हिडिओ संपला की पुन्हा लावायला लागत होता, आणि दर वेळी सासूबाई "पुरं आता" म्हणून स्वतःच पुढे सरकून बसत होत्या. मी सगळ्यांना धपाटी वाढली. एक बाई म्हणाली, "लोणचं न्हाई का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांची नजर टीव्हीवर.

"आन की काढून," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मग काय ह्या समद्यांना हात लावू देऊ बरणीला? तुला एकटीलाच सांगती. हात कोरडा कर."

मी स्वयंपाकघरात गेले. टॉवेलला हात पुसले, मग परत पुसले. बाहेर हलगी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती, आणि मला इतका आनंद झाला होता, की बरणीच्या तोंडावरच्या फडक्याची गाठ काही केल्या सुटेना.