सिल्व्हर मेंबर ईश्वर भुवड

खारीगावातल्या आमच्या सोसायटीत ईश्वर भुवडला सगळे विमानवाला म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. मूळचा गुहागरकडचा. नोकरी एका कुरियर कंपनीत. तातडीची पाकिटं विमानाने जायची तर त्या थैल्या कुणातरी प्रवाशाच्या नावावर चढवाव्या लागत. तो प्रवासी म्हणजे ईश्वर. आठवड्यातून तीन-चारदा दिल्ली. थैल्या तिथल्या माणसाच्या ताब्यात दिल्या की पुढच्या विमानाने परत. दिल्ली शहर त्याने कधी पाहिलंच नाही.

तिकीट कुरियर कंपनीचं असलं तरी प्रवासाचे पॉइंट त्याच्या नावावर जमत; त्यांवर पुढे फुकट तिकीट काढता येई. पुरेसे जमले तसं विमान कंपनीने त्याला सिल्व्हर कार्ड दिलं. वेगळी रांग, लाउंजमध्ये फुकट नाश्ता, आणि काउंटरवरची मुलगी चक्क नावाने 'वेलकम बॅक' म्हणायची. नवघर रोडला रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडणारा हा माणूस तिथे मिस्टर भुवड असायचा. सोसायटीच्या मीटिंगलाही तो ते कार्ड खिशात घालून यायचा, अर्धं बाहेर डोकावेल असं.

त्याची बायको सुगंधा मात्र कधी विमानात बसली नव्हती. तिची थोरली बहीण गिरिजा दिल्लीला दिलेली. दोन हजार चारमध्ये गिरिजाच्या किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस सुरू झालं. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"अहो, मी ट्रेनने जाऊन येते ना ताईकडे," सुगंधा म्हणाली.

"विमानवाल्याची बायको ट्रेनने जाणार? लोक हसतील."

"मग विमानाने न्या. पॉइंट आहेत म्हणता ना?"

"आहेत की. साधी दोन तिकिटं आत्ता निघतील. पण तुला नेईन तर बिझनेस क्लासने. थोडेच कमी पडतायत."

"मला क्लास काय करायचाय? ताईला बघायचंय."

"थांब गं जरा."

ती थांबली. पॉइंट वाढले, पण बिझनेस क्लासला लागणारे पॉइंटही कंपनीने वाढवले. ईश्वर म्हणाला, अजून एक वर्ष.

दरम्यान स्वस्त तिकिटांच्या नव्या कंपन्या आल्या आणि ईश्वरच्या विमानातला थाट उतरत गेला. गरम जेवणाच्या जागी थंड सँडविच आलं, मग नुसती पाण्याची बाटली. शेवटी त्याची विमान कंपनीच एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्याच्याबरोबर काम करणारा विकी त्याला म्हणाला, "काका, नवीन मालक जुने पॉइंट बाद करतोय. मार्चच्या आत वापरून टाका."

"जुन्या मेंबरला कोण हात लावतोय?" ईश्वर म्हणाला. "नावाने ओळखतात मला."

मार्च गेला. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी दिल्लीहून भाच्याचा फोन आला. गिरिजा गेली होती. संध्याकाळपर्यंत थांबतो, मावशीला घेऊन या, असं तो म्हणाला.

ईश्वरने लगेच विमान कंपनीला फोन लावला. सुगंधा शेजारीच उभी होती.

"सर, आपके पुराने पॉइंट्स लॅप्स हो चुके हैं," पलीकडची मुलगी म्हणाली. "और दिवाली में रिवॉर्ड टिकट बंद है."

"मैं सिल्व्हर मेंबर हूँ!"

"सर, वो कॅटेगरी अब नहीं है."

त्याने पुन्हा फोन लावला. दुसऱ्या मुलीने तेच सांगितलं. तो तिसऱ्यांदा नंबर फिरवायला लागला तेव्हा सुगंधाने हाक मारून मुलाला उठवलं. रोहित धावत सायबर कॅफेत गेला आणि तिथूनच त्याने फोन केला, एका स्वस्त कंपनीच्या दुपारच्या विमानात जागा आहेत म्हणून.

फोन कानाला तसाच धरून ईश्वर सुगंधाला म्हणाला, "दोन काढायला सांगतो. तुला एअरपोर्टवरचं काय कळणार? मी येतो."

सुगंधाने त्याच्या हातातून फोन घेतला. "एकच काढ रे," ती म्हणाली.

विमान उशिरा सुटलं. तिथे काळोखानंतर अंत्यसंस्कार करत नाहीत, घरच्यांना आणखी थांबता आलं नाही. सुगंधा पोचली तेव्हा पुरुषमाणसं स्मशानातून परतून दारात हातपाय धूत होती.

तेरावं करून ती घरी आली. ईश्वरने तिच्यापुढे चहा ठेवला. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

"विमानात भीती नाही ना वाटली?" त्याने विचारलं.

"ताई दर रविवारी विचारायची, कधी येतेस गं. मी काय सांगायचे, ठाऊक आहे? ह्यांचे पॉइंट जमतायत."

ईश्वर काहीतरी बोलायला गेला. तिने कप उचलला आणि आत निघून गेली.

पुढच्या वर्षी कुरियर कंपनीने माणूस पाठवणंच बंद केलं. ईश्वर आता काशीगावच्या गोडाउनमध्ये पाकिटांची छाननी करतो. सुगंधा वर्षातून एकदा भाच्याच्या लेकीला, सान्वीला, भेटायला दिल्लीला जाते. तिकीट रोहित काढून देतो. ईश्वरला कुणी सांगत नाही. दारात बॅग दिसली की त्याला कळतं.