जुईसाठी लिहिलेले दोन मेसेज

"अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून सोपं करून सांगितलं. रक्ताचा कॅन्सर. हाडांच्या आतल्या मगजात कच्च्या पेशींची गर्दी होते, चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. माझी मुलगी जुई सहा वर्षांची. पंधरा दिवस बारीक ताप आणि पायावर निळे डाग. शाळेत पडली असेल, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या मनवेलपाड्यात मला सगळे ओळखतात. मी अर्नाळ्याला बोंबील विकत घेतला तरी घरी पोचेपर्यंत तो मी पकडलेला देवमासा होतो. त्या खोलीत मात्र एवढंच मी विचारलं, पार्किंगची पावती इथेच दाखवायची का?

मॅडम म्हणाल्या, "लहान मुलांत हा बहुतेकदा बरा होतो. पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. मध्येच सोडायचे नाहीत."

एवढा खर्च माझ्या पगारात बसणारा नव्हता. आमच्या पाड्यातल्या मंडळाचे राणेकाका म्हणाले, "संज्या, मेसेज लिही. फिरवायचं आमच्याकडे लागलं." लिहायला बसलो. 'बरी होईल, वेळ लागेल' असं वाचून कोण खिशात हात घालणार? म्हणून लिहिलं, चिमुकली जुई शेवटच्या घटका मोजत आहे.

एरवी माझ्या रुपयातले बारा आणे सोडून ऐकणाऱ्या लोकांनी या वेळी सोळाच्या सोळा आणे धरले. पोटच्या पोरीबद्दल कोण वाढवून सांगतं?

मदत आली. पाठोपाठ माणसं आली.

पहिले केमोचे डोस घेऊन जुई घरी होती. या औषधाने न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, पार खाली जातात. घरी गर्दी नको, असं कागदावर लिहून दिलं होतं. पण शेवटचं बघायला आलेल्या माणसाला दारातून कसं परतवायचं? मला ते जमलं नाही. माझेच शब्द ऐकून आले होते सगळे.

वटारहून बायकोची मावशी आली, हातात तांब्या. "काशीचं पानी आनलंय. पोरीच्या तोंडात दोन थेंब घालते."

जुई पलंगावर हत्ती रंगवत होती. म्हणाली, "आजी, मला तहान नाही लागली."

सुनीताने, माझ्या बायकोने, तांब्या हळूच काढून घेतला. मावशी माझ्याकडे बघत राहिली. "जावईबापू, ही तर हत्ती रंगवते."

तिसऱ्या दिवशी जुईला ताप भरला. अशा तापाला फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतात. लढणाऱ्या पेशी नसताना आलेला ताप, त्यात एक तासही वाया घालवायचा नसतो. लगेच दाखल केलं. मॅडमनी विचारलं, "घरी किती लोक आले होते?"

"दोघं-तिघं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कमी करून सांगितलं.

"सदतीस," सुनीता म्हणाली. "चपला मी मोजल्यात."

सहा दिवस शिरेतून अँटिबायोटिक. मी बाकावर बसून होतो. रडू आलं नाही, भूक लागली नाही. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्या लिहिल्या होत्या, त्या पाठ झाल्या. सातव्या दिवशी ताप उतरला.

त्याच बाकावर दुसरा मेसेज लिहिला. 'जुई शेवटच्या घटका मोजत नाही. ते मी वाढवून लिहिलं होतं. ती बरी होण्यासारखी आहे, पण उपचार लांब आहेत आणि मदत अजून लागेल. घरी येऊ नका. फसवलं असं वाटत असेल त्यांनी पैसे मागून घ्यावेत.'

पाठवून फोन उलटा ठेवला. सगळ्यांनी परत मागितले असते तर पुढचा डोस अडला असता.

राणेकाकांचं उत्तर आलं, "संज्या, हे तू लिहिलंस यावर विश्वास बसत नाही. हॉस्पिटलचा कागद पाठव." पाठवला. त्यांनी मेसेज कागदासकट सगळीकडे फिरवला. परत मागितले एकाच माणसाने, तेही दिले. बाकीचे राहिले. मावशी वटारच्या बायकांकडून अजूनही मदत गोळा करून पाठवते, दारात मात्र येत नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर लाजू नका, मागा. फक्त मूल जेवढं आजारी आहे, तेवढंच सांगा.

आता जुई मेंटेनन्सवर आहे, म्हणजे रोज गोळ्या आणि ठरलेल्या दिवशी तपासणी. परवाच्या रिपोर्टनंतर राणेकाकांचा फोन आला. "कसा आहे?"

"ठीक आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

 मग ते म्हणाले, "म्हणजे खरंच बरी आहे पोर."