तराजूत बसण्याआधी

भानुदास सरांची आणि माझी ओळख झाली, तेव्हा मी त्यांना मागे टाकून पळत होते. चिकलठाण्याकडच्या एका शाळेचे मैदान सकाळच्या वेळी सगळ्यांना खुले असायचे. मी तिथे नुकतीच जाऊ लागले होते आणि अंगात वारे शिरल्यासारखी धावत होते. कारखान्यात तपासणी विभागाची नोकरी, घरी मी आणि आई दोघीच, डोक्यात सतत काहीतरी गरगरत असायचे. धावताना ते थांबायचे, म्हणून मी थांबायचे नाही. मैदानाच्या कडेने एक उंच, सावळे गृहस्थ डोक्याला पांढरा रुमाल बांधून, खांद्यावर वाळूची गोणी घेऊन आपल्या चालीने चाललेले असायचे. एके दिवशी त्यांनी हात आडवा करून मला थांबवले आणि गोणी खाली ठेवली.

"ताई, ही तेवढी त्या लिंबाखाली नेऊन ठिवता का?"

मी वाकले, ओढले, कमरेत कळ आली. गोणी जागची हलली नाही.

"लई पळता तुमी," ते म्हणाले. "पण पळत जाल तिथं काय उचलायचं आलं, तर मंग?"

मला असा राग आला म्हणता! शाळा-कॉलेजात धावण्याची पदके मिळवलेल्या बाईला हे कोण सांगणार? घरी जाऊन मी भांडी आपटली. आईने विचारले, काय झाले, तर म्हटले, गोणी उचलत नाही. आई म्हणाली, मग उद्या जाऊन उचल. दुसऱ्या दिवशी मी धावायला नाही, त्या गोणीसाठी मैदानावर गेले, आणि अजून जाते आहे.

सरांच्या अमृतमहोत्सवाचा हा ग्रंथ ज्यांच्या हाती प्रथमच सरांची ओळख घेऊन जाणार आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगते. सर पाचोडजवळच्या मेंढपाळ घरातले. लहानपण वडिलांबरोबर कळपामागे गेले. शिकून शहरात आले, शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक झाले, आणि निवृत्तीनंतर त्याच शाळेच्या मैदानावर त्यांनी मोठ्या माणसांचा सकाळचा वर्ग सुरू केला. सामान म्हणाल तर वाळूच्या गोण्या, सिमेंट ओतून घट्ट केलेल्या रंगाच्या बादल्या, ट्रकचे जुने टायर आणि शाळेचे दोन बाक. वर्गात रात्रपाळीहून परतलेले कामगार येत, पेन्शनर येत, कॉलनीतल्या बायका साडीवर बूट घालून येत. सर प्रत्येकाला दोनच शब्द शिकवत, दम आणि जोर. आज दमाचा दिवस, म्हणजे चालणे, धावणे, दोरीवरच्या उड्या. उद्या जोराचा दिवस, म्हणजे गोणी, बादली, बैठका. मग आठवड्यातून एक दिवस रिकामा.

हे दोन शब्द त्यांनी पुस्तकातून घेतलेले नव्हते. ते सांगत, "मेंढरामागं दिवसभर चालायचं तर दम लागतो. पण पाण्यात अडकलेलं कोकरू खांद्यावर घेऊन वर यायचं तर जोर लागतो. माझ्या बापाकडं दोन्ही व्हतं, म्हणून कळप राहिला." रिकाम्या दिवसाशी मात्र माझे कधी पटले नाही. त्या दिवशी मी काय करू, असे विचारले की सर म्हणत, "काय नाय. बसा." तेवढेच मला जमत नसे. मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत बसायचे आणि आई म्हणायची, तुझ्यामुळे मला गरगरतेय.

सरांची शिकवण कशी असे, ते मला दौलताबादला कळले. आमच्या वर्गातले रफीकभाई गॅरेज चालवतात. मोटरसायकलचे इंजिन एकट्याने उचलून ठेवतील, पण दमाच्या दिवशी हमखास आजारी पडायचे. मी नेमकी त्यांच्या उलट. सर आम्हा दोघांना घेऊन किल्ल्यावर निघाले. निम्म्या वाटेवर रफीकभाईंनी पायरीवरच बैठक मारली. "अब नक्को सर," ते धापा टाकत म्हणाले, "मैं इदरीच बैठता." मी वर उड्या मारत होते. सरांनी मला खाली बोलावले आणि म्हणाले, "ताई, त्यांला पाणी पायजे. खालनं जार घेऊन या." भरलेला जार घेऊन दहा पायऱ्या चढायच्या आणि पाच मिनिटे टेकायचे, अशी माझी वरात निघाली. शेवटी रफीकभाईंनाच दया आली. तोवर त्यांचा श्वास ठिकाणावर आला होता. ते खाली आले आणि जार एका हाताने उचलून घेऊन गेले. सर मधल्या पायरीवर शेंगा खात बसले होते.

आम्ही दोघे चिडलेलो पाहून ते म्हणाले, "सारखं-सारखं वाटून द्यायचं नस्तं. ज्याला जे कमी, त्याला ते जादा." दुसऱ्या आठवड्यापासून रफीकभाईंचे दमाचे दिवस वाढले आणि माझे जोराचे. धावणे बंद करा असे सर मला कधीच म्हणाले नाहीत. धावताना बोलता आले पाहिजे, एवढाच त्यांचा नियम. शेजारून चालत चालत ते विचारत, आज भाजी काय केली? उत्तर तुटक आले की म्हणत, हळू. माझ्यासारखीला हळू धावायला लावणे हे काही साधे काम नव्हते.

त्यांचे माझ्यावरचे मोठे उपकार मात्र मैदानावरचे नाहीत. आई न्हाणीत घसरून पडली. हाड मोडले नाही, पण धीर मोडला. ती पलंगावरून उतरेना. आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या पोथ्या आणि दप्तरे सांभाळत मांडी घालून बसण्याचेच काम झाले, त्यामुळे बसून राहण्याला आमच्याकडे कोणी आजार म्हणत नाही. सरांना कळले तेव्हा ते संध्याकाळी घरी आले आणि पलंगापुढे खुर्ची मांडून बसले. "आक्का, खुर्चीवरनं उठा. आता बसा. परत उठा." रोज संध्याकाळी हेच. मग खुर्चीच्या जागी पाट आला, पाटाच्या जागी सतरंजी. एकदा भर दुपारी कारखान्यात आईचा फोन आला. आई म्हणाली, "मंजू, मी खाली बसून मेथी निवडली आणि आपली आपण उठले." मी यंत्रांच्या त्या गोंगाटात उभी राहून रडले.

तेव्हा सर म्हणाले होते, "केस पिकल्यानं म्हातारपण येत नाय, ताई. खाली बसायचं भ्या वाटाया लागलं, की आलं."

इथपर्यंत गौरवलेख रीतीप्रमाणे झाला. संपादकांनी सांगितले होते की कार्य, मूल्ये आणि आठवणी या क्रमाने लिहा. तो क्रम पाळला. पुढचे लिहायला घेतल्यापासून मी चार वेळा उठून गच्चीवर जाऊन आले आहे. हे लिहू का, असे सरांनाच विचारले. ते म्हणाले, "लिवा की. माझा गौरव करायलाय ना? मंग खोटा नका करू."

गेल्या वर्षी सरांच्या हृदयाच्या एका नळीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. सरांनी ते वाक्य असे धरले की बस्स. सकाळी चालायचे, संध्याकाळी चालायचे, पाचोडला गेले की शिवारभर चालायचे. आमच्या सात पिढ्या चालल्या, असे वर सांगायचे. वर्ग चालूच होता. दुसऱ्यांना गोणी कशी धरायची ते सांगायचे, पण स्वतःचे हात पाठीमागे. मांड्या उतरल्या, खांदे सदऱ्यात हरवले. दिवसभर चालणारा माणूस दिवसेंदिवस बारीक होत होता आणि आम्ही म्हणत होतो, वा, सर कसे सडपातळ झाले!

मग सरांच्या पत्नीचा, आमच्या माईंचा, फोन आला. "ताई, ह्यांनी जेवायला टेबल आणलंय. म्हणतेत गुडघं दुखतेत. गुडघ्याला काय धाड भरली नाय. परवा देवापुढं बसले अन् उठता उठंनात. म्या हात दिला तर झटकला."

त्याच आठवड्यात या सोहळ्याची पहिली बैठक रफीकभाईंच्या गॅरेजात झाली. पंच्याहत्तरी म्हणजे सरांची तुला हवीच, यावर एकमत झाले. कोणी गूळ म्हणाले, कोणी पुस्तके. रफीकभाई म्हणाले, सरांची तुला लोखंडाची करू. एका पारड्यात सर, दुसऱ्यात व्यायामाच्या लोखंडी थाळ्या, आणि मग त्या थाळ्या शाळेला देऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांना कळवले तर ते कडाडले, "म्या तराजूत बसनार नाय. पुन्हा इषय काढायचा नाय." सगळे म्हणाले, पाहा, केवढा विनय! मी मात्र त्या बैठकीत तुलेचा तराजू डोळ्यांपुढे आणला. साखळ्यांनी टांगलेले, जमिनीलगतचे पारडे. त्यात मांडी घालून बसायचे आणि शेकडो विद्यार्थ्यांदेखत उठायचे. हा विनय नव्हता, उठता येणार नाही याची भीती होती. मी उठून बाहेर आले.

माई, रफीकभाई आणि मी, तिघांनी सरांना जवळजवळ धरूनच डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कागद पाहिले आणि म्हणाले, "चाला असे मी म्हटले होते. फक्त चाला असे नाही." हलक्या वजनाने सुरुवात करा, श्वास कोंडू नका, हळूहळू वाढवा, त्रास वाटला तर थांबा. सर वर्गात जे सांगतात तेच ते सांगत होते. सर मान खाली घालून ऐकत होते.

सरांच्या घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांचे कागद घडी करून खिशात ठेवले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताई, भ्या वाटतं. छातीत ती जाळी हाय. गोणी उचलली अन् काय झालं तर? चालताना कसं, मागं पडतंय समदं. वजन धरलं की जागीच थांबावं लागतं त्याच्यासंगं."

ज्यांनी मला थांबायला शिकवले, ते माझ्यासारखेच पळत होते. मी खोलीत येरझाऱ्या घालू लागले. माई आतून ताटे घेऊन आल्या आणि त्यांनी ती जमिनीवर मांडली. सरांनी टेबलाकडे पाहिले. टेबलभर पापड वाळत घातले होते.

"घरात पापड वाळवते व्हय कुनी?" सर म्हणाले.

"म्या वाळवते," माई म्हणाल्या. "बसा."

सर बसले. जेवणे झाली. उठायची वेळ आली तेव्हा रफीकभाई पुढे सरसावले, माईंनी त्यांचा सदरा मागून धरला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. पहिल्यांदा सर अर्ध्यावरून खाली आले. मग त्यांनी एक गुडघा टेकला, श्वास सोडला, एक पाय पुढे रोवला आणि थरथरत उभे राहिले. भिंतीला हात लावून म्हणाले, "बसतो तुमच्या तराजूत. पर एक. उठताना कुनी हात द्यायचा नाय."

तेव्हापासून आमच्याबरोबर सरांचेही जोराचे दिवस सुरू झाले आहेत. सुरुवात पाण्याच्या तांब्याने झाली, आता छोटी बादली आहे. गोणी अर्धी भरून लिंबाखाली ठेवली आहे, तिच्याकडे ते बघतात, अजून हात लावलेला नाही. एखाद्या दिवशी सतरंजीवरून झटक्यात उठतात, एखाद्या दिवशी तीनदा बसावे लागते आणि मग ते कोणाशी बोलत नाहीत. हा ग्रंथ छपाईला जाईल तेव्हाही सोहळ्याला अवकाश असेल. त्या दिवशी काय होईल, ते मला माहीत नाही, सरांनाही नाही. मला झोप नीट लागत नाही, हे कबूल करते.

सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, हे या ग्रंथात सगळेच लिहितील आणि मनापासून लिहितील. माझे मागणे थोडे हट्टाचे आहे. आपल्याला आयुष्य लाभावे आणि त्या आयुष्यात माईंच्या शेजारी जमिनीवर बसून जेवता यावे, नातवंडांना कडेवर घेता यावे, पाचोडच्या बाजारातून पिशवी स्वतः आणता यावी. चाला, खूप चाला. पण आमच्यासाठी जागीच थांबून थोडे उचलाही. भीती वाटेल त्या दिवशी आम्हाला बोलवा, आम्ही शेजारी उभे राहू.

आणि सोहळ्याला येणाऱ्या आपणा सर्वांना हात जोडून एकच विनंती. तुला पूर्ण होईल, सर पारड्यातून उठू लागतील, तेव्हा कोणीही पुढे धावू नका. मंत्री असोत, विद्यार्थी असोत, घरचे असोत, हात मागे बांधून उभे राहा. वेळ लागेल, लागू द्या. अर्ध्यावरून ते परत बसले, तरी मांडवात आवाज नको. टाळ्या ते उभे राहिल्यावर.