बहिणीचा फोन हलला नाही

माझ्या धाकट्या बहिणीला ऐकू येत नाही. तिला मुलगी झाली तेव्हा मी तिच्यासाठी एक अ‍ॅप बनवलं. बाळ रडलं की बहिणीच्या कमरेला खोचलेला फोन जोरात थरथरायचा. शाळेत शिकवून आले की सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी त्यावर काम करत बसायची. पुढे ते स्टोअरवर टाकलं, तसं अनोळखी घरांतही पोचलं.

एका दुपारी बहिणीच्या सासरहून, तुकईथडहून, तिच्या सासूबाईंचा फोन आला. "बाई, मी शेतातून आली तं पोरगी पाळण्याखाली पडलेली. रडून रडून घसा बसला तिचा. आई मागच्या अंगणात, तिला पत्ताच नाही. तुमचा मोबाइल काहून हालला नाही?"

कपाळाला टेंगूळ आलं होतं, बाकी पोरगी ठीक होती. पण ते अ‍ॅप ज्या ज्या घरात होतं, तिथली बाळं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मी सगळ्यांना कळवलं, "यावर विसंबू नका."

मग कारण सापडलं. फोनची सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीचं नवं अपडेट आलं होतं. स्क्रीन बंद असताना बाहेरच्या अ‍ॅपला आता माइक मिळणार नव्हता. त्याच अपडेटमध्ये कंपनीचं स्वतःचं तसंच अ‍ॅप आलं होतं, आणि त्याला मात्र माइक मोकळा. ते चालायचं फक्त महागड्या फोनवर. बहिणीचा फोन साधा.

कंपनीला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर.

माझ्यासारखंच अ‍ॅप अडकलेल्या इंदूरच्या एका डेव्हलपरचा फोन आला. "मॅडम, हम सब मिलके सरकार के पास शिकायत कर रहे हैं. आप साइन करोगी?"

"उद्या त्यांनी तुझं अ‍ॅपच स्टोअरमधून काढलं तर?" नवरा म्हणाला. मलाही तीच भीती होती. दुकान त्यांचं, रस्ताही त्यांचाच. मी बहिणीला विचारलं. तिने लिहिलं, "तू आत्ता घाबरलीस. मी रोज घाबरते. सही कर."

केली. त्यानंतर कित्येक महिने प्रत्येक ईमेल उघडण्याआधी अ‍ॅप स्टोअरमध्ये आहे ना, ते बघायची. शेवटी चौकशी लागली आणि कंपनीने सगळ्यांना माइक खुला केला, पण आधी लाल अक्षरांत धोक्याची सूचना दाखवून. ती वाचून बऱ्याच लोकांनी माझं अ‍ॅप काढून टाकलं. बहिणीने "परवानगी द्या" दाबलं.

अजूनही अपडेट आलं की मी आधी तुकईथडला फोन लावते आणि सासूबाईंना विचारते, "आज तुम्ही घरीच आहात ना?"