लॉलीपॉपवरून उतरलेला सह्याद्री

गुंगालिन या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या मराठी घरांमध्ये जुलैचा हिवाळा उजाडला की जेवणानंतर बर्फाचा विषय हमखास निघतो. कुणाला मुलांना घेऊन डोंगरावर जायचं असतं, कुणी नवे हातमोजे घेतलेले असतात, आणि सगळ्यांच्या माना दत्तप्रसाद परबकडे वळतात. सरकारी खात्यात हिशेब तपासणारा, चाळिशी ओलांडलेला, पोटाने किंचित पुढे निघालेला हा माणूस. त्याला विचारतात, उतरायला कुठली वाट चांगली आणि कुठली टाळावी. तो हातातली वाटी खाली ठेवतो आणि सांगतो, "माझी आवडती वाट लॉलीपॉप. नावडती वाटही लॉलीपॉप."

लोक हसतात. दत्तप्रसाद हसत नाही. आपल्या फजितीला त्याने इतकी वर्षं तूप लावून जपलंय की ती आता त्याला एखाद्या पदकासारखी वाटते, आणि पदक दाखवताना माणूस हसत नाही.

दत्तप्रसाद आंबोली घाटाच्या पायथ्याचा. त्याचं आजोळ घाटावर, चौकुळला. एसटीची वाट बघण्यापेक्षा जुन्या पाऊलवाटेने चढून गेलेलं बरं, असं मानणारी ती माणसं. सुट्टी संपली की मुरलीधरमामा त्याच्या डोक्यावर नाचणीची पिशवी द्यायचा आणि स्वतः पुढे चालायचा. वाट ओली, दगड शेवाळलेले, एका बाजूला दरी आणि दरीत धुकं. मामाने त्याला आयुष्यात एकच विद्या शिकवली. "उतारार मागे रेलाचा, झिला. टाच रोवायची. फुडे वाकलंस काय गेलंस." दत्तप्रसाद मागे रेलायला शिकला, टाच रोवायला शिकला, आणि कधी गेला नाही. तेव्हापासून डोंगर आपल्याला कळतो, अशी त्याची पक्की समजूत झाली.

दोन हजार आठ साली तो मेलबर्नला आला. त्या वर्षी तिथल्या क्लेटन उपनगराच्या रस्त्यावर दगड मारला असता तर तो विद्यार्थ्यालाच लागला असता. कुणी अकाउंटिंगला, कुणी कुकरीला, कुणी केस कापायच्या कोर्सला. एका घरात पाच-सहा जण, एकच राइस कुकर, आणि सगळ्यांची चर्चा शिफ्टची. युनीला, म्हणजे विद्यापीठाला, हिवाळ्याची सुट्टी लागली तशी दत्तप्रसादने फलकावर चिठ्ठी वाचली: बर्फाच्या डोंगरावर सीझनसाठी माणसं हवीत, राहणं-जेवण तिथेच. बाकीची पोरं थंडीच्या नुसत्या नावानेच रजईत शिरली. दत्तप्रसादने बॅग भरली. डोंगर म्हणजे आपलं माहेर, असं तो निघताना सगळ्यांना सांगून आला.

बस वर चढत गेली. निलगिरीची उंच झाडं मागे पडली आणि बुटकी, वाकडी, अंगावर रंगांचे पट्टे असलेली बर्फातली झाडं आली. मग पांढऱ्या उतारांवरून ठिपक्यांसारखी माणसं घसरताना दिसली. दत्तप्रसादची छाती भरून आली. त्याला वाटलं, आपण घरी आलो.

काम मिळालं ते भांडी घासायचं, हॉटेलच्या तळघरात. खोलीला एकही खिडकी नव्हती. भांडी धुण्याचं मशीन दिवसभर वाफ सोडायचं आणि भिंतींवरून पाणी ओघळायचं. डोक्यावर अख्खा डोंगर होता आणि दत्तप्रसाद त्याच्या पोटात बसून ताटं खरवडत होता. आपण डोंगरावर आलोय की डोंगराखाली गाडले गेलोय, हे शिफ्ट संपेपर्यंत समजायचं नाही, असं तो अजून म्हणतो.

त्यापूर्वीच, आल्या दिवशी, त्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. हॉटेलच्या कॅफेत एक फळा होता. त्यावर प्रत्येक कामगाराचा फोटो, नाव, गाव, आणि त्याखाली आवडती वाट व नावडती वाट. पाहुण्यांनी वाचावं, गप्पा माराव्यात, यासाठी. डोंगरावरच्या वाटांना रंग असतात: हिरवी सोपी, निळी मधली, काळी कठीण. प्रत्येकीला नाव. दत्तप्रसादने तोवर बर्फाला बोट लावलं नव्हतं. त्याने नकाशा पाहिला, सगळ्यात वरून सरळ खाली पडणारी काळी रेघ शोधली आणि खडूने लिहिलं: आवडती वाट, बुशरेंजर. मग सगळ्यात लांब, वळणावळणाची हिरवी रेघ पाहिली आणि लिहिलं: नावडती वाट, लॉलीपॉप. कंसात कारणही दिलं, की फारच सोपी आहे. घाटातल्या माणसाने हिरवी वाट आवडते असं लिहायचं म्हणजे काय.

फळ्याने त्याला नाव दिलं. पाहुणे जेवणाच्या रांगेत त्याला ओळखू लागले. बुशरेंजर आज कशी आहे, असं विचारू लागले. दत्तप्रसाद नाश्त्याच्या वेळी स्वयंपाकी जे बोलायचे ते कान देऊन ऐकायचा आणि तेच पुढे द्यायचा. वरती जरा आइसी आहे, दुपारनंतर जा. पाहुणे मान डोलवायचे. काही जण तर संध्याकाळी येऊन आभार मानून जायचे. आपला सल्ला बरोबर ठरतोय हे पाहून दत्तप्रसादला हळूहळू वाटू लागलं की आपण बुशरेंजरवरून खरंच उतरलो असणार.

हे ढोंग एकाच व्यक्तीने ओळखलं होतं. करुणा मेश्राम, नागपूरची, मेलबर्नला नर्सिंग शिकणारी, इथे खोल्यांच्या चादरी बदलायला आलेली. तिने पहिल्या आठवड्यातच भाड्याचे बूट चढवले आणि लहान मुलांच्या रांगेत उभी राहून स्की शिकायला सुरुवात केली. तिने फळा वाचला आणि दत्तप्रसादला विचारलं की तुझ्या स्की कुठे आहेत. त्याने सांगितलं, दुरुस्तीला दिल्यात. त्या दिवसापासून ती त्याला सह्याद्री म्हणू लागली.

मग एके दिवशी वाफेतून ग्लेनिस अवतरली. ग्लेनिस पाळण्यांची, म्हणजे माणसांना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांची, प्रमुख. साठीची बाई, तोंडावर उन्हाने आणि बर्फाने कोरलेल्या रेघा, आणि बोलणं मोजकं. सगळ्यात वरच्या पाळण्यावरचा मुलगा सीझन अर्धा टाकून घरी गेला होता. तिथल्या लाकडी खोपटात बसून, उतरणाऱ्या पाहुण्यांवर नजर ठेवायला तिला माणूस हवा होता. तिने फळा वाचला होता. काळ्या वाटेवरचा माणूस भांडी का घासतोय, असं तिने विचारलं. अट एकच. संध्याकाळी पाळणा बंद झाला की वरच्या माणसाला स्कीवरूनच खाली यावं लागतं. शनिवारी सकाळी ती सोबत वर येणार आणि त्याचं उतरणं बघणार. ती म्हणाली, "बुशरेंजर नको, मेट. लॉलीपॉपनेच ये. कंटाळा येईल तुला, पण चालवून घे."

वरच्या त्या खोपटाबद्दल दत्तप्रसादने ऐकलं होतं. तिथून चारी बाजूंना डोंगरांच्या रांगा दिसतात, एकामागे एक, निळ्या होत गेलेल्या. आंबोलीच्या कड्यावरून दिसतात तशा. त्या एका खोपटासाठी त्याने तळघर, वाफ आणि ओघळणारी भिंत सगळं एका क्षणात सोडलं असतं. तो ग्लेनिसला नो वरीज म्हणाला आणि ती गेल्यावर हातातलं ताट पुन्हा एकदा धुतलं. ते आधीच धुतलेलं होतं.

दुपारी तो करुणाकडे गेला. स्की दुरुस्तीला दिलेल्या नाहीत, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, "बाप्पा! मला वाटलं मोठी दुरुस्ती आहे."

शनिवारपर्यंत रोज आर्वोच्या, म्हणजे दुपारच्या, सुट्टीत ती त्याला बच्चेकंपनीच्या उतारावर घेऊन जाऊ लागली. तिथे जमिनीवरून सरकणारा एक रबरी पट्टा होता, विमानतळावर बॅगा येतात तसा. त्यावर उभं राहून मुलं वर जायची आणि घसरत खाली यायची. दत्तप्रसाद त्यांच्या मधोमध उभा राहिला की बॅगांमध्ये चुकून आलेल्या कपाटासारखा दिसायचा.

शिकवणं साधं होतं. स्कीची टोकं जवळ आणायची, मागच्या बाजू फाकवायच्या, पाचरीसारख्या. आणि अंग पुढे टाकायचं, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूवर दाबून. उताराकडे झुकलं तरच स्की ऐकतात. मागे रेललं की त्या सुटतात. दत्तप्रसादला हे सगळं समजायचं. उताराच्या तोंडाशी आला की मात्र त्याचं डोकं वर राहायचं आणि पाय चौकुळच्या वाटेवर जायचे. पाठ मागे, टाच खाली, आणि स्की त्याला सोडून पुढे. तो पाठीवर पडून आकाश बघायचा.

"मागं काऊन रेलतो रे?" करुणा विचारायची. "तिकडे काय उशी ठेवली आहे का तुझ्यासाठी?"

तो पडल्या पडल्या तिला समजावायचा की उतारावर पुढे झुकणं हे डोंगराच्या नियमाविरुद्ध आहे. सह्याद्रीत असं केलं तर माणूस थेट दरीत सापडतो. ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग उठायचं कसं ते सांगायची. स्की उताराला आडव्या कर, वरच्या अंगाला वळ, हात टेक, गुडघा खाली घे. पडण्याचा सराव त्याचा भरपूर झाला, त्यामुळे उठणं मात्र त्याला इतकं जमू लागलं की बाजूला पडलेल्या पोरांनाही तो येता-जाता उभं करू लागला. ती पोरं पुढच्या फेरीला त्याला मागे टाकून जायची.

शनिवार उजाडला तो स्वच्छ, वारा नसलेला. पाळण्यातून वर जाताना ग्लेनिसच्या शेजारी बसून दत्तप्रसाद मनात एकच वाक्य घोटत होता: नडगी पुढे. वर पोचल्यावर त्याने खोपट पाहिलं. लहानसं, छपरावर बर्फाची जाड गादी, दारात फावडं टेकवलेलं. पलीकडे रांगा, एकीमागे एक. इथे बसायला मिळालं तर आपण परत कशावर तक्रार करणार नाही, असं त्याने स्वतःला वचन दिलं.

सुरुवात बरी झाली. पहिलं वळण त्याने पाचर धरून घेतलं. दुसरंही घेतलं. ग्लेनिस मागून म्हणाली की आरामात येतोयस, छान. मग झाडी संपली आणि वाट उघडी झाली, समोर अख्खी दरी. लॉलीपॉपवरचा तो उतार इतका मवाळ आहे की तिथे आजीबाया थांबून फोटो काढतात. पण दरी दिसली आणि दत्तप्रसादच्या डोक्यावर कुणीतरी नाचणीची पिशवी ठेवली. पाठ आपोआप मागे गेली. टाच रुतली. स्की सुटल्या.

त्यानंतरचं लॉलीपॉप त्याने पाहिलं असं म्हणता येणार नाही. लॉलीपॉपने त्याला पाहिलं. बुडाचा अर्धा भाग बर्फाला टेकलेला, हात दोन्हीकडे पसरलेले, असा तो वळणं न घेता सगळी वळणं पार करत गेला. चादरींची ढकलगाडी घेऊन करुणा बाहेर आली होती, तिच्यासमोरून गेला. शेवटी बच्चेकंपनीच्या उताराशी लावलेल्या नारिंगी जाळीत शिरला आणि थांबला. जाळीच्या खालच्या बाजूला मुलांची रांग उभी होती. त्यातली एक चिमुरडी त्याच्याकडे गंभीरपणे बघत म्हणाली, "यू फर्गॉट युअर पिझ्झा." पाचरीला तिथली मुलं पिझ्झा म्हणतात.

त्याच्या धक्क्याने जाळी हलली आणि रांगेच्या टोकाची एक मुलगी घाबरून बसली. बसली ती रडायलाच लागली. शिक्षक रांगेच्या दुसऱ्या टोकाला होता. दत्तप्रसाद जाळीतून सुटला, स्की उताराला आडव्या केल्या, गुडघा टेकला, उठला. मग तिच्या स्की आडव्या केल्या, मागून काखेत हात घातले आणि डोक्यावरचं ओझं उचलून देतात तसं तिला अलगद उभं केलं. टोपी झटकून दिली. ती रडायची थांबली आणि पट्ट्याकडे निघून गेली. तेवढ्यात तिच्या पुढची पडली. त्याने तिलाही उचललं. खोपट गेलं, हे त्याला कळून चुकलं होतं, आणि वर बघायचं त्याला धाडस होत नव्हतं, म्हणून तो खाली बघून पोरं उचलत राहिला.

मान वर केली तेव्हा ग्लेनिस उभी होती. किती वेळ ते त्याला माहीत नाही. ती म्हणाली की एवढ्या वर्षांत तिने लॉलीपॉपवरून असा कुणी उतरलेला पाहिला नाही. मग म्हणाली, "वरचं काम मी तुला देणार नाही, मेट. पहिल्याच संध्याकाळी मरशील. पण इथे पट्ट्यापाशी मला माणूस हवाच आहे. पडलेल्याला कसं उठवायचं ते तुला येतं."

दत्तप्रसादने विचारलं की हे काम बाहेरचं आहे का, दिवसभर. तिने आजूबाजूला बघितलं, आणि हो म्हणाली. बाहेरचंच.

अशा रीतीने सह्याद्रीचा सुपुत्र चार वर्षांच्या पोरांच्या काखेत हात घालायला नेमला गेला. वरून दिसणाऱ्या रांगा पट्ट्यापाशी दिसत नव्हत्या. पण आकाश होतं, झाडांवरून बर्फ सरकल्याचा आवाज होता, आणि कावळ्यासारख्या काळ्या मोठ्या पक्ष्यांची ओरड होती. तळघरात दुसरा मुलगा आला. दत्तप्रसादने कॅफेतल्या फळ्यावरचा आपला मजकूर पुसला आणि दोन्ही ओळींत लॉलीपॉप लिहिलं. पाहुणे गोंधळायचे. करुणाने मात्र वाचून मान हलवली आणि म्हणाली, "आत्ता खरं बोललास."

त्या रविवारी त्याने फोनकार्डावरून चौकुळला मामाला फोन लावला. मामाने विचारलं की डोंगर कसा आहे. दत्तप्रसादने सगळं सांगितलं, जाळीसकट. मग जरा अवघडत म्हणाला की मामा, इथे उतारावर पुढे झुकावं लागतं. मागे रेललं की पडतो.

पलीकडून नुसती खरखर आली. कार्डाचे पैसे संपले असं त्याला वाटलं.

मग मामा म्हणाला, "मग तो डोंगर न्हय, झिला. ती घसरगुंडी."

दत्तप्रसादने फोन ठेवला, टोपी कानांवर ओढली आणि पट्ट्याकडे निघाला. स्कीवरून खाली उतरताना त्याने नडगी पुढे दाबली. मग, कुणी बघत नाही असं पाहून, जरासा मागे रेलला.