पिवळ्या सायकलींचे उस्ताद

नळदुर्गच्या मोटारस्टँडसमोर उस्तादांचं सायकलचं दुकान होतं आणि त्या दुकानात सायकलींपेक्षा चपलाच जास्त दिसत. जोड नव्हे, एकेकटी चप्पल. कुठे खुंटीला टांगलेली, कुठे फळीवर मांडलेली, कुठे पंपाच्या पायाशी लवंडलेली. टायरची, कोल्हापुरी, रबरी, मधूनच एखादा पॉलिश केलेला बूट. आणि सगळ्या डाव्या पायाच्या! नवख्या माणसाला वाटावं, या गावात एकपायांची वस्ती आहे की काय. खरी गोष्ट अशी होती की भाड्यानं सायकल देताना उस्ताद नाव विचारत नसत, गाव विचारत नसत, कुणाची ओळख मागत नसत. गिऱ्हाइकाच्या पायाकडे बोट दाखवून एवढंच म्हणत, "डावी ठेवा."

बहात्तरच्या दुष्काळात मी उस्मानाबादेहून तिथं आलो तो दुष्काळी कामावरचा हजेरी कारकून म्हणून. मिसरूड नुकतंच स्थिरावलेलं, सरकारी नोकरीचा ताठा भरपूर आणि पायात नवे बूट. पहिल्याच दिवशी माझा डावा बूट उस्तादांच्या फळीवर गेला आणि मी एक पाय सरकारी, एक पाय उघडा अशा थाटात कामावर हजर झालो. मजूर बायांनी जे तोंडाला पदर लावले ते दुपारपर्यंत काढले नाहीत. संध्याकाळी मी रागानं विचारलं, "उस्ताद, हा काय प्रकार आहे? आणि कुणी सायकल घेऊन पळालाच तर?"

"पळू द्या की साहेब," उस्ताद चाकातली तार आवळत म्हणाले. "एका पायात बूट घालून पळणारा माणूस पार सोलापूरपर्यंत लोकांच्या ध्यानात राहतो. पोलिसाची गरजच न्हाय."

त्याच वेळी एक अनवाणी मजूर दुकानात आला. काळवंडलेल्या, भेगाळलेल्या पायांचा. मी मनात म्हटलं, आता उस्तादांची गंमत होणार. याच्याकडून काय ठेवून घेतात बघू. उस्तादांनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि काही न बोलता सायकल त्याच्या हातात दिली. भाडंही नाही. तो गेल्यावर मी भुवया उंचावल्या, तर म्हणाले, "ज्याच्या पायात कायच न्हाय, त्याचा पाय आदीच गहाण हाय, साहेब. त्याच्याकडनं आनखी काय घेऊ?" आयुष्यात फार थोड्या माणसांनी मला गप्प बसवलं आहे. माझी बायको साक्षीला आहे.

भाड्याच्या सायकली उस्तादांच्या स्वतःच्या, पण गावभर फिरणाऱ्या पिवळ्या सायकली मुळात त्यांच्या नव्हत्याच. त्या साली गावंच्या गावं पोटामागे निघून गेली. कुणी सोलापूरच्या गिरण्यांत, कुणी पुण्यामुंबईकडे. जाताना ज्याच्या घरी सायकल होती तो ती उस्तादांच्या दारात टेकवून सांगे, "आलो माघारी तर नेऊ." दुकानामागच्या पत्र्याखाली अशा सायकलींचा ढीग झाला. दुसऱ्या कुणी त्या झाकून ठेवल्या असत्या किंवा हळूच विकल्या असत्या. उस्तादांनी काय करावं? स्टँडमागच्या ट्रक रंगवणाऱ्याकडून उरलेला पिवळा रंग आणला, सगळ्या सायकली एका रंगात रंगवल्या, कुलपं काढून टाकली आणि गावात मोकळ्या सोडल्या. होय, मोकळ्या! एक वेशीपाशी, दोन पाण्याच्या विहिरीपाशी, काही तलावाच्या कामावर. ज्याला गरज असेल त्यानं उचलायची, जिथं काम संपेल तिथं भिंतीला टेकवायची. दुसरा तिथून नेईल. मालकानं विचारलं तर काय सांगणार, असं मी म्हटल्यावर उत्तर तयार होतं: "सांगीन, तुजी सायकल तुज्या माघारी गावाच्या कामी आली. उभी राहिली असती तर गंजानं खाल्ली असती."

लोक त्यांना 'पिवळ्या' म्हणत. "पिवळी दिसली का?" असं सकाळी गावभर ऐकू येई. ट्रक रंगवणाऱ्यानं हौसेनं प्रत्येकीच्या मडगार्डवर कमळ काढलं होतं, त्यामुळे डोळा चुकवायची सोयच नव्हती.

एक घोटाळा मात्र रोज होई. सकाळी सगळी दुनिया तलावाच्या कामाकडे जायची, म्हणजे पिवळ्यांचा सगळा कळप तिकडे. स्टँडवर औषधाला एक नाही. मग दुपारी उस्ताद त्या वळवायला निघत, आणि ते पाहायला ढाब्यावरचे लोक हातातला चहा ठेवून उठत. उस्ताद स्वतः एका सायकलवर बसत, उजव्या हातात दुसरीचं हँडल, डाव्या हातात तिसरीचं. आणि त्यांच्या स्वतःच्या हँडलला? कुणाचाच हात नाही! नुसत्या कमरेच्या कलानं तो माणूस हैदराबादच्या हमरस्त्यावरून तीन सायकली एका ओळीत, रथ हाकल्यासारखा आणायचा. अंगात मळका सदरा, डोक्याला गुंडाळलेला पंचा, तोंडात विझलेली विडी. समोरून येणारे ट्रक बाजू देत. एकदा तर एका सरदारजी ड्रायव्हरनं ट्रक थांबवला, खाली उतरला आणि कडक सलाम ठोकला. उस्तादांचे दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी मान लववली. मान लववली म्हणून सायकल तसूभर तरी हलावी? छे!

तो काळ सोसायट्यांचा होता. दूध सोसायटी, शेंगा सोसायटी, विणकर सोसायटी. एक पुढारी उस्तादांना म्हणाले, "सायकलींची सोसायटी काढा. तुम्ही चेअरमन." उस्ताद हात जोडून म्हणाले, "नक्को मालक. चेअरमनाला दिवसभर बसावं लागतं. माजी तर सीटवर बी धड बसायची सवय गेली."

आता सोजरबाई. बौद्ध वस्तीतल्या. नवरा गिरणीत गेलेला, पदरी दोन लेकरं आणि म्हातारी सासू. तलावाच्या कामावर त्या बायांच्या टोळीच्या पुढारी होत्या आणि त्यांच्या जिभेला ओव्हरसियर साहेबसुद्धा वचकून असत. तलावाचं काम संपलं आणि साहेबांनी जाहीर केलं की आता खडीचं काम लांबच्या माळावर, दोन कोसांच्याही पलीकडे. हजेरी सकाळीच मिटणार. मिटल्यावर येईल त्याला परत जावं लागेल. आणि जो वारंवार परत जाईल त्याचं नाव उडेल.

बायांची गोची अशी की विहिरीला पाणी पहाटे झिरपायचं. ते भरल्याशिवाय घर सोडता येत नव्हतं आणि ते भरून चालत निघालं की हजेरी हुकायची. पहिल्या दिवशी सगळ्या धापा टाकत आल्या तेव्हा हजेरी मिटली होती. साहेबांनी नुसता हात हलवला. आलेल्या पावली दोन कोस परत. दुसऱ्या दिवशीही तेच. नाव उडालं तर त्या साली चूल पेटायला दुसरं काही नव्हतं. ना शेत, ना मळा, ना कुणाच्या बांधावरचं गवत.

त्या दुपारी सोजरबाई दुकानात आल्या. मी तिथंच होतो.

"उस्ताद, पिवळ्या द्या."

"न्या की. चालवणार कोन? तुमचे मालक तर सोलापूरला."

"आमीच चालवू."

उस्तादांच्या तोंडातली विडी खाली पडली. मग ते एकदम उठले. "क्या बात! चला किल्ल्याखाली."

किल्ल्याच्या तटाखाली मोकळं मैदान होतं. तिथं जे सुरू झालं ते बघायला अख्खं नळदुर्ग लोटलं. मी तुम्हाला सांगतो, नऊवारीचा कासोटा ज्या कुणी शोधून काढला त्याच्या मनात सायकलच असणार! मधल्या दांडीवरून टांग टाकायला कसलीही अडचण नाही. बाया पदर खोचून चढत होत्या आणि उस्ताद मागचं कॅरिअर धरून अनवाणी पळत होते. "हँडल आवळू नका, बकरं हाय का ते, पळून जायला! सैल, सैल! नजर म्होरं!" एक पडली, दुसरी पडली, तिसरी थेट बाभळीत गेली. बघ्यांच्या टोळक्यातला एक जण ओरडला, "सोजरे, बैलगाडी मागव!" सोजरबाई सायकलवरूनच म्हणाल्या, "मागवते की. तुला जुपते तिला!" टोळकं तिथंच पांगलं.

उस्ताद दुपारभर धावत होते. एकेकीच्या मागे मैदानाच्या टोकापर्यंत पळत जायचं, तिथं सायकल घट्ट धरायची, बाईला अलगद उतरवून घ्यायचं, सायकल वळवायची, पुन्हा पळायचं. अंधार पडेपर्यंत बाया डगमगत का होईना, चालवू लागल्या. ज्यांना जमलंच नाही त्यांना कॅरिअरवर डबलशीट न्यायचं ठरलं. उस्तादांचे तळवे सोलपटले होते, आणि चेहरा असा, जणू त्यांच्याच घरात लग्न आहे.

दुसऱ्या दिवशी माळावर बाभळीखाली माझं टेबल. शेजारी ओव्हरसियर साहेब, हातात घड्याळ. गड्यांची हजेरी झाली. साहेब म्हणाले, "बाया न्हाईत आल्या. मिटवा." मी उगाच पेनात शाई भरायला घेतली.

तेवढ्यात लांब रस्त्यावर धूळ उठली. धुळीत पिवळं काही चमकलं. मग एकामागे एक, हिरवी, तांबडी, जांभळी लुगडी वाऱ्यावर फुगलेली, हँडलला अडकवलेली घमेली ठणाणा वाजतायत, कॅरिअरवर बसलेल्यांनी कुदळी भाल्यांसारख्या उभ्या धरलेल्या. किल्ल्यातून एखादी फौज बाहेर पडली असती तरी याहून देखणी दिसली नसती. गडी हातातलं टाकून उभे राहिले.

फौज माळावर आली, टेबलापर्यंत आली, आणि थांबली नाही. माझ्या बाजूनं सरळ पुढे गेली, लांब वळसा घेऊन परत आली आणि पुन्हा पुढे गेली.

"अहो बाई, उतरा की!" मी ओरडलो.

"कसं उतरायचं?" सोजरबाई जाता जाता ओरडल्या. "उस्तादानं उतरायचं शिकवलंच न्हाय!"

खरंच होतं. आदल्या दुपारी त्यांनी प्रत्येकीला धरून उतरवलं होतं, आणि ते शिकवायचं राहून गेलं हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं! पिवळ्यांना ब्रेक म्हणाल तर नावालाही नव्हते. आता त्या सगळ्या जणी माझ्या टेबलाभोवती गोल गोल फिरत होत्या, कारण थांबलं की पडणार आणि सरळ गेलं की माळ संपणार.

"कारकून, नावं घ्या! पाय भरून आले!"

मी नावं पुकारायला लागलो. एक "हजर!" पाठीमागून यायचं, एक समोरून, एक कानाशेजारून सुसाट जायचं. मी खुर्चीवर भोवऱ्यासारखा फिरत होतो. साहेब गरजले, "हजेरी उभं राहून द्यायची असते!" सोजरबाई म्हणाल्या, "मग धरा की, साहेब!" आणि साहेबांच्या अंगावरच आल्या. साहेबांनी घाबरून हँडल धरलं, दोघंही काही अंतर तसेच घरंगळत गेले, आणि थांबले. मग गडी धावले. एकेक सायकल, शेरडं पकडावीत तशी, पकडून बायांना खाली घेतलं. साहेबांची टोपी कुठं तरी चाकाखाली गेली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बायांकडे. घामेजलेल्या, धुळीनं माखलेल्या, आणि हसू आवरत नसलेल्या त्या बायांकडे बराच वेळ पाहिलं. मग घड्याळ खिशात टाकलं.

"लिहा," मला म्हणाले. "सगळ्या हजर. आणि रोज लिहा."

उस्ताद नंतर पोहोचले, एकटेच, जिवाच्या आकांतानं सायकल मारत. आल्या आल्या कपाळावर हात मारून म्हणाले, "या अल्ला! उतरायचं राहिलं ना!" त्यावर माळावर जो हशा पिकला, तसा त्या साली जिल्ह्यात दुसरीकडे कुठं पिकला नसेल. त्या टोळीतलं एकही नाव पुढे उडालं नाही.

पुढे सालं पालटली. पिकं आली, माणसं माघारी आली आणि उस्तादांच्या दारात उभी राहिली. "आमची सायकल?" उस्ताद ती पुढे करत. एक मालक पिवळी सायकल बघून रागावला, "रंग खरवडून द्या." उस्ताद म्हणाले, "खरवडतो. वरचा रंग माजा हाय, खालचा गंज तुमचा. फकस्त गंज नेता का?" मालक रंगासकट घेऊन गेला. अशा एक एक करत सगळ्या पिवळ्या घरोघर गेल्या. पत्र्याखाली मोकळी जागा राहिली. उस्तादांच्या डोळ्यांवर सारा धरत होता, नजर अधू होत चालली होती. हैदराबादच्या लेकीनं निरोप धाडला, आता इकडे या.

मी तोवर रोजगार हमीच्या कामांवर तिथंच होतो. उस्ताद जायच्या सकाळी स्टँडवर गेलो तर कांद्याच्या पोत्यांवर, ट्रकच्या मागच्या बाजूला, तोंड गावाकडे करून ते बसलेले. आणि रस्त्यावर पिवळ्याच पिवळ्या. त्या दिवशी गावातली एकही पिवळी तिच्या मालकाच्या घरी नव्हती. बायांनी जाऊन मागितल्या होत्या आणि कुणी नाही म्हटलं नव्हतं. रंगावर रागावलेला तो मालकही नाही.

ट्रक सुटला. बाया मागे निघाल्या. सोजरबाई मला म्हणाल्या, "बसा मागं, कारकून," आणि मी, सरकारी माणूस, त्यांच्या कॅरिअरवर डबलशीट बसलो. ट्रक चढणीला रेंगाळत होता. उस्ताद पोत्यांवर उभे राहिले आणि ओरडायला लागले, "चवडा! टाच न्हाय, चवडा ठेवा पेडलवर!" एक जण त्यांच्याकडे बघता बघता डगमगली. "ए माय, माज्याकडं काय बघता? ट्रकच्या मागं मरायचं हाय का? रस्त्याकडं बघा! सगळ्या जणी, रस्त्याकडं!"

सगळ्यांनी माना खाली केल्या. एकीनंही पुन्हा वर पाहिलं नाही. उस्तादांनी सांगितलं होतं ना! मला सोजरबाईंची नुसती पाठ दिसत होती, आणि ती हलत होती. ती चढणीमुळेच हलतेय असं मी समजलो.

"कारकून," त्या मान न उचलता म्हणाल्या, "दिसत्यात का अजून?"

"दिसतात."

चढ संपला. ट्रकनं वेग घेतला.

"आता?"

ट्रक वळणाआड गेला होता. रस्त्यावर मागे राहिलेली धूळसुद्धा बसत आली होती.

"दिसतात," मी म्हणालो. "हात हलवतायत."

सोजरबाई पेडल मारत राहिल्या.